हार उतरवायचा राहिला

१

माझं नाव नलिनी खारकर. आधीच सांगून ठेवते, मागाहून घोळ नको.

हे नाव एके काळी जाहिरातीत नाटकाच्या नावाहून मोठ्या टायपात छापायचे. आता ते शहापूरला किन्हवलीच्या रस्त्यावर, प्लॉट पाडून बांधलेल्या बंगल्यांच्या रांगेत, शेवटच्या फाटकावरच्या पत्र्याच्या पाटीवर आहे. त्यातला 'खा' गंजलाय. हा बंगला चांगल्या दिवसांत शनिवार-रविवारसाठी म्हणून घेतला होता. पुढे आठवड्याचे सगळेच वार रविवार झाले आणि मी इथंच राहायला आले. मुलगी मृणाल पुण्याला असते. दिवाळीत फोन करते, तब्येत विचारते आणि मी सांगायला लागले की तिचा कुकर होतो.

पण शिस्त मी सोडलेली नाही. सकाळी मागच्या ओट्यावर उभं राहायचं, समोरच्या शेताला प्रेक्षागृह समजायचं आणि माझं प्रवेशाचं वाक्य म्हणायचं. "दार उघडं होतं, म्हणून आत आले." माझ्या त्या गाजलेल्या नाटकातलं हे वाक्य. ओरडायचं नाही, तरी शेवटच्या रांगेत पोहोचलं पाहिजे. मग बाहेर जाण्याचा सराव. विंगेपाशी थांबायचं, डाव्या खांद्यावरून एकदा मागे बघायचं आणि निघायचं. टाळी तिथंच पडायची. चेहरा उतरला, कंबर वाकली, पण आवाज आणि ती मान अजून माझी आहे, असं मी रोज स्वतःला बजावते. मग खुर्चीत बसून चहा पिते.

त्या उन्हाळ्यात चहाच्या वेळी एक विचित्र गोष्ट सुरू झाली. कप तोंडाला लावला की कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध, कुणीतरी ओलं गार बोट टेकवल्यासारखं व्हायचं. टेकवायचं, किंचित दाबायचं, काढून घ्यायचं. मी हात लावून पाहिला तर कपाळ कोरडं. ब्लडप्रेशर असेल म्हटलं. या वयात जे कळत नाही ते सगळं ब्लडप्रेशरच्या नावावर टाकता येतं.

काही दिवसांनी त्याच जागी तिळाएवढा हिरवट डाग दिसायला लागला. गीताबाई, म्हणजे माझ्याकडे स्वयंपाकाला आणि वरकामाला येते ती, भाजी निवडता निवडता माझ्याकडे बघत राहिली.

"बाई, गोंदून घेतलंत काय?"

"या वयात? कुणासाठी गं?"

"मंग काय झालं! गावचं पानी लागलं तुमाला. हल्ली आमच्यातल्याच दिसाया लागल्या."

ती हसली, मीही हसले. शहापूरच्या डॉक्टरांनी वयाचे डाग म्हणून मलम दिलं. मलमानं डाग गेला नाही. उलट पुढच्या महिन्यात हनुवटीवर तसेच आणखी उमटले.

२

त्याआधीच एकदा अंधेरीला एका सिरियलवाल्यांच्या ऑफिसात गेले होते. आजीची भूमिका होती. थंडगार खोली, काचेचं टेबल, आणि टेबलाच्या पलीकडे जीन्स घातलेली एक पोरगी. मी माझा अल्बम पुढे केला. तिनं पानं उलटली. नाटकं, सिनेमे, कुठल्याशा मंत्र्याच्या हस्ते घेतलेली ढाल. मध्येच थांबून तिनं एका फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत फोटोकडे.

"आजी," ती म्हणाली, "या तुमच्या कोण?"

मी म्हटलं, "मीच आहे ती."

तिनं अवघडून मान हलवली. वेड्या माणसाशी वाद घालायचा नाही अशी तिला शिकवण असावी. शेजारच्या मुलाला ती हळूच काहीतरी म्हणाली. त्यातले "त्या तर गेल्या ना?" एवढे शब्द मला नीट ऐकू आले, कारण कान शाबूत आहेत. मी अल्बम उचलला आणि बाहेर पडले. मान वळवायचं त्या दिवशी विसरले.

परतीच्या वाटेवर मी स्वतःची समजूत घातली. नट्यांना विसरण्यात या धंद्याचा हात कुणी धरणार नाही. वर्षभर पडद्यावर दिसली नाही की बाई मेली, असाच इथला हिशोब. ऊन, वय, आरसा, सगळ्यांवर राग काढून झाला. आरशात मात्र मी त्यानंतर फार वेळ पाहीनाशी झाले. पाहिलं की वाटायचं, गालाची हाडं अशी रुंद कधी होती माझी?

३

मे महिन्यात फोन आला.

"नलिनीताई खारकरांच्या घरून कुणी बोलतंय का?" तरुण, अदबशीर आवाज. "मी अरविंद टिपणीस. दिग्दर्शक. ताईंचं ते नाटक आम्ही पुन्हा रंगमंचावर आणतोय. पहिला प्रयोग त्यांच्या स्मृतीला अर्पण करावा म्हणतो. घरच्यांची परवानगी हवी होती."

"परवानगी आहे," मी म्हटलं. "पण आधी मला मरू तर दे."

पलीकडे तो जवळजवळ ओरडलाच. "ताई! आवाज... अहो, तोच आवाज!"

त्यानं इतक्या वेळा माफी मागितली की मलाच कंटाळा आला. म्हणाला, आई सिरियल बघायची, त्यात तुमच्या फोटोला हार होता, तेव्हापासून घरात सगळे धरून चालले होते. पण गडी चलाख. माफी मागता मागता त्यानं मला नाटकातली सासूची भूमिका देऊन टाकली. येत्या सोमवारी ठाण्याला वाचन. "तुमचा चेहरा पोस्टरवर टाकतो, ताई. लोक नुसते बघायला येतील."

फोन ठेवला आणि मी रडले. आनंदानंच रडले, उगाच दुसरं काही सांगत नाही. पुन्हा उभं राहायचं होतं मला. एकदाच, दिव्यांच्या उजेडात, माझ्या नावानं. पण चेहरा म्हटल्याबरोबर हात आपोआप हनुवटीकडे गेला आणि मला तो फोटो आठवला.

ती सिरियल अठ्ठ्याण्णव सालची. निर्मात्यानं मोठ्या मानानं बोलावून भूमिका देऊ केली ती घरातल्या मेलेल्या आईची. "रोज दिसाल, ताई. सगळी कथा तुमच्याभोवती फिरते." संवाद एकही नाही. शूटिंगलाही यायची गरज नाही, फोटो पाठवला की झालं. माझी ती शेवटची भूमिका, आणि तिच्यात मीच नव्हते! तरी मी घरातला सगळ्यात सुंदर फोटो काढून दिला. मोरपंखी शालू, हात गालाशी, मागे स्टुडिओच्या पडद्यावर रंगवलेला जिना. मरायचंच आहे तर देखणं मरावं, असा माझा हिशोब. तो फोटो परत आला नाही.

आमच्या नाटक कंपनीत आक्का म्हणून एक जुन्या नटी होत्या. त्यांचा एक दंडक होता. रंगमंचावर मेलीस की रंग पुसायच्या आधी कुणाकडून तरी आपल्या खऱ्या नावानं हाक मारून घ्यायची आणि 'ओ' द्यायची. मगच आरशात बघायचं. मी शेकडो प्रयोगांत मेले आणि प्रत्येक वेळी आमच्या कपडेपटातल्या बाईनं मला हाक मारली. फोटोला हार घातला असेल तर हार आधी उतरवायचा, मग हाक, मग फोटो घरी. आक्का हे इतक्या गंभीरपणे सांगायच्या की आम्ही पोरी पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. सिरियलच्या वेळी मला हे आठवलंसुद्धा नाही. फोटोला कोण कशाला हाक मारील?

४

दुसऱ्या दिवशी भर दुपारी फाटकाशी एक बाई करवंदं घेऊन आली. डोक्यावर पाटी, पाटीत पानांचे द्रोण. मी ओट्यावरून खाली उतरले. तिनं पाटी उतरवली, वर पाहिलं आणि तशीच थिजली.

"आये?" ती अगदी हळू म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"नाय... काय नाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. तिशीची असेल, चेहरा उन्हानं रापलेला. डोळे माझ्या चेहऱ्यावरून हटत नव्हते. "आमच्या घरी फोटो हाय तुमचा."

लाज सोडून सांगते, मी खूश झाले. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला ओळखलं होतं! मी तिला ओट्यावर बसवलं आणि पाणी दिलं. तिचं नाव गंगी. डोळखांबच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला तिचा पाडा. तिच्या घरात एकदा सिरियलचं शूटिंग झालं होतं. भिंतीला हार घातलेला फोटो टांगला होता, तो जाताना त्यांनी तिथंच सोडला.

"आमची आये त्याच्या आदल्याच साली गेली," गंगी म्हणाली. "बुधी नाव तिचं. फोटो कंदीच काढला नव्हता. मंग बापूस बोलला, ह्योच ऱ्हाऊ दे. कायतरी डोल्यांसमोर पायजे नं."

"आणि त्याची पूजा करता?"

"पूजा नाय. रोज सकाली बापूस चूल पेटली की काचंवर कुंकवाचं बोट लावतो. हाक मारतो. मंग चा पितो."

माझ्या हातातला द्रोण कलंडला. करवंदं पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली. ती वेचायच्या निमित्तानं मी खाली वाकले, कारण माझं तोंड तिला दिसू नये असं मला वाटत होतं. योगायोग, मी मनाशी म्हटलं. सगळ्या महाराष्ट्रात लोक सकाळीच चहा पितात.

गंगी गेल्यावर मी गीताबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापतच राहिली.

"फोटो म्हंजी कागूद, बाई. कागदाला कुंकू लावलं तं मानसाला कसं लागंल? आमी नाय मानत असलं. पन तुमच्या मनाला लागलं आसंल तं जाऊन या. म्हेंद्रला सांगते, रिक्षा घेऊन येईल."

तिचं पटत होतं. पटूनही मी जायचं ठरवलं. सोमवारच्या आत तो हार उतरवून घ्यायचा, कुणाकडून तरी नावानं हाक मारून घ्यायची, 'ओ' द्यायची. मूर्खपणा असेल तर असू दे. मूर्खपणा करून भूमिका हातात राहणार असेल तर मी आणखीही करीन.

५

महेंद्र गीताबाईचा मुलगा. तो मला नुसतं मॅडम म्हणत नाही, नलिनी मॅडम म्हणतो. मीच तसं शिकवलंय. नाव कानावर पडत राहिलं पाहिजे.

उन्हासाठी मी डोक्याला स्कार्फ बांधला आणि गॉगल लावला. डोळखांब मागे पडलं तसा रस्ता चढाला लागला. दोन्ही बाजूंना पेरणीआधी राबासाठी भाजलेल्या शेतांचे काळे चौकोन, आणि हवेत राखेचा वास. हा वास मला ओळखीचा वाटला. कुठून ओळखीचा, काही सांगता येईना. माझं सगळं आयुष्य गिरगावात आणि दौऱ्याच्या बसमध्ये गेलेलं.

रस्ता संपला तिथं मोहाच्या झाडाखाली महेंद्रनं रिक्षा लावली. समोरच गंगीनं सांगितलेलं कुडाच्या भिंतींचं घर होतं, अंगण ताजं सारवलेलं.

"मी हितंच पडतो, नलिनी मॅडम. झालं का आवाज द्या."

दार उघडं होतं. उंबऱ्यात पोचले आणि सवयीनं तोंडातून गेलं, "दार उघडं होतं, म्हणून आत आले."

आत, उन्हातून आल्यावर नुसता काळोख. त्यातून म्हाताऱ्याचा आवाज आला. "ये. बस. लय उनाची आलीस."

हा गंगीचा बाप, नवसू. दोरीसाठी वाख वळत बसला होता आणि वळायचा थांबला नाही. अनोळखी बाईला पहिल्याच वाक्यात 'आलीस'. पाड्यातली माणसं अशीच बोलत असतील, मी स्वतःला समजावलं. गॉगल काढला, स्कार्फ सोडला आणि दोन्ही बाजेवर ठेवले. गंगी तांब्या घेऊन आली. मला वाटलं प्यायला. पण ती खाली बसली, माझ्या पायांवर पाणी घातलं आणि हातानं चोळून चोळून धूळ धुतली. टाचेच्या भेगांवरून तिचा अंगठा फिरला. पोटच्या पोरीनं माझ्या पायाला कधी हात लावला होता, आठवेना. आणि लगेच दुसरी गोष्ट ध्यानात आली. माझ्या टाचांना भेगा कधी होत्या? पायांची मी जन्मभर निगा राखली होती.

"मला फोटो बघायचाय," मी घाईनं म्हटलं.

नवसूनं हनुवटीनं दाखवला. "त्यो काय."

६

डोळे काळोखाला सरावायला वेळ लागला. आधी हार दिसला, कुड्याच्या पांढऱ्या फुलांचा. मग शालू. माझाच. गालाशी धरलेला हात माझा, मागचा रंगवलेला जिनाही तोच, त्याच्या कोपऱ्यात स्टुडिओचा शिक्कासुद्धा.

चेहरा माझा नव्हता.

रुंद हाडांचा, उन्हानं रापलेला चेहरा. नाकात मोरणी. भुवयांच्या मधोमध हिरवा ठिपका आणि हनुवटीवर तसेच आणखी. ती बाई माझ्या शालूत, माझ्या ऐटीत बसली होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

"फोटो बदललात तुम्ही," मी म्हटलं.

"नाय गो. त्योच हाय." नवसूच्या आवाजात समाधान होतं. "पयली आशी नव्हती ती. शेरातली बाई व्हती कोनतरी, गोरी. पन रोज बोट लावलं, रोज हाक मारली. हलूहलू आली. यंदा पार जुलली."

मी नाक कधी टोचून घेतलेलं नाही. आईनं हट्ट केला होता, मी जुमानला नाही. त्या क्षणी हात नाकाकडे न्यायचं मला धाडस झालं नाही. मी हात मुठीत घट्ट धरून ठेवला.

"हार काढा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता काढा. आणि मला हाक मारा. नलिनी म्हणा. एकदा फक्त नलिनी म्हणा हो!"

म्हातारा भांडेल, रडेल, अशी माझी तयारी होती. तो उठला, टाचा उंचावून हार काढला आणि कोपऱ्यात ठेवला. मग फोटोही खिळ्यावरून उतरवून बाजेवर पालथा घातला, माझ्या स्कार्फशेजारी.

"काढतो की," तो म्हणाला. "घरात मानूस आल्यावर हार कशाला?"

मी तशीच बाहेर धावले. अनवाणी. अंगणात तापलेली जमीन होती, पण पायांना ती भाजली नाही. मोहाखाली महेंद्र उठून डोळे चोळत होता. मी त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले.

"मावशे," तो म्हणाला, "आमच्या मॅडम आत हायेत नं? जरा सांग, टाइम झाला म्हनावं."

"म्हेंद्र, आरं मीच..."

तो आवाज ऐकून मीच दचकले. जाड, फुटका, या रानातून त्या रानात साद घालायची सवय असलेला आवाज. चेहरा गेला तरी आवाज राहील, अशी माझी खात्री होती. एवढी एकच गोष्ट मी रोज घासूनपुसून ठेवली होती.

महेंद्रनं माझ्या खांद्यावरून घराकडे पाहिलं, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं ओरडला,

"ओ नलिनी मॅडम!"

मारली. शेवटी कुणीतरी नावानं हाक मारली. आता एवढंच करायचं होतं. मी छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"ओ," घरातून उत्तर आलं. "आले रे, महेंद्र."

ओरडून नाही, तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. तसं बोलायला मला बारा वर्षं दौरे करावे लागले होते.

कुणीतरी बाहेर आलं. स्कार्फ माझा, गॉगल माझा. त्यापलीकडे मी पाहिलं नाही, पाहवलं नाही. महेंद्र लगबगीनं पुढे झाला. रिक्षापाशी ती थांबली. डाव्या खांद्यावरून तिनं एकदा मागे बघितलं आणि मग आत बसली.

रिक्षा वळली, धूळ उडाली आणि खाली बसली. सोमवारी ठाण्याला वाचन आहे. ती छान करील काम. टिपणीस खूश होईल, पोस्टर लागतील, मृणालही कदाचित पहिल्या प्रयोगाला येईल आणि आईला मिठी मारील. मी ओरडायला हवं होतं, धावायला हवं होतं. पण कुणाच्या नावानं ओरडू?

मागून माझ्या हातात एक हात आला. खरखरीत, ऊबदार.

"आये," गंगी म्हणाली, "उन लागंल. आत चल."

मी 'ओ' दिली.